चहा, लोहाची गोळी आणि चोवीस ग्लास

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तेच ते प्रकल्प दिसतात. थर्माकोलची पवनचक्की, सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, ठिबक सिंचनाचं हिरवंगार मॉडेल. मी स्वतः हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, तरी सांगते, यातल्या बहुतेक प्रकल्पांत मुलांना उत्तर आधीच माहीत असतं. उत्तर माहीत असलेला प्रश्न हा पाठांतराचा झाला. म्हणून नववीत शिकणारी माझी भाची जेव्हा म्हणाली, "खाला, मला अन्न आणि औषधं यांच्यावर प्रकल्प करायचाय," तेव्हा मला आनंद झाला. पण त्याचबरोबर काळजीही वाटली.

काळजी यासाठी की पवनचक्की फिरली नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. औषधांचं तसं नाही. प्रदर्शनात भिंतीवर लावलेल्या तक्त्याचे लोक मोबाईलवर फोटो काढतात, घरच्या ग्रुपवर टाकतात. संध्याकाळपर्यंत कुणाची तरी दादी त्या तक्त्यावर विश्वास ठेवून रक्तदाबाची गोळी बंद करून बसलेली असते. शाळकरी मुलीच्या हस्ताक्षरातलं कागदावरचं वाक्यही माणसाच्या औषधाच्या डबीपर्यंत पोचू शकतं. प्रकल्प आखताना हे विसरून चालत नाही.

भाचीची पहिली कल्पना तक्त्याचीच होती. तीस औषधांची यादी आणि समोर रकाना: "काय टाळावे". थायरॉईडची गोळी, चहा टाळा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन, पालेभाज्या टाळा. काही प्रतिजैविकं, दूध-दही टाळा. इंटरनेटवरून गोळा केलेली माहिती सगळी खोटी नव्हती. पण "टाळा" हा शब्द बहुतेक ठिकाणी चुकीचा होता.

वॉरफरिनचंच बघा. हे औषध शरीरातल्या के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं आणि रक्ताची गुठळी होण्याची क्रिया मंदावते. मेथी, पालक, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर. पण म्हणून रुग्णाने भाजी सोडायची नसते, तर दर आठवड्याला साधारण सारखीच खायची असते. डॉक्टर त्या आहाराला धरून डोस बसवतात. एखाद्याने तक्ता वाचून अचानक पालेभाजी बंद केली तर तोच डोस त्याला जास्त होईल आणि रक्तस्रावाचा धोका वाढेल. थायरॉईडच्या गोळीलाही चहाचं वैर नाही, तिला फक्त रिकामं पोट आणि अर्धा-एक तासाची उसंत हवी. सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन यांसारखी प्रतिजैविकं दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि आतड्यातून नीट शोषली जात नाहीत. तिथेही दूध कायमचं सोडायचं नसतं, वेळेचं अंतर ठेवायचं असतं.

काही ठिकाणी मात्र खरंच टाळावं लागतं, आणि त्यामागच्या दोन गोष्टी मी भाचीला सांगितल्या. पहिली १९६३ सालची. इंग्लंडमधल्या एका फार्मासिस्टच्या लक्षात आलं की नैराश्यावरचं एक औषध घेणाऱ्या आपल्या पत्नीला चीज खाल्ल्यावर भयंकर डोकेदुखी होते. त्याने बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरांना पत्र लिहून कळवलं. ब्लॅकवेल यांनी पाठपुरावा केला. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचा पदार्थ असतो. एरवी शरीरातलं एक विकर त्याचा निकाल लावतं. ते औषध नेमकं त्याच विकराला रोखत होतं, त्यामुळे रक्तदाब एकदम चढत होता.

दुसरी गोष्ट कॅनडातली. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो हे तपासत होते. दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातलं औषधाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आलं, आणि तेही दारू घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही वेळी. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. आतड्यातलं जे विकर हे औषध मोडतं, त्याला या फळातली द्रव्यं निकामी करतात. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं मिळत नाही, पण ते ज्या दोन फळांच्या संकरातून आलं त्यातलं एक म्हणजे आपलं पपनस, आणि ही द्रव्यं पपनसातही असतात.

या दोन्ही गोष्टींतून भाचीने काय घ्यावं असं मला वाटत होतं? पहिलीतून हे, की घरात नीट डोळे उघडे ठेवणारा माणूसही विज्ञानाची सुरुवात करू शकतो. दुसरीतून हे, की दारू न घेतलेला गट नसता तर बेलींनी सगळा दोष दारूवर ढकलला असता. तुलनेसाठी ठेवलेला साधा गट नसेल तर निरीक्षण ही नुसती गोष्टच राहते.

मग मी तिला विचारलं, "तीस औषधं राहू देत. तुझ्या घरात तुला खरोखर पडलेला एक प्रश्न कोणता?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अम्मीच्या गोळ्या."

तिची अम्मी म्हणजे माझी आपा. आपाचं हिमोग्लोबिन कित्येक महिने नऊच्या आसपास अडकलेलं होतं. लोहाच्या गोळ्या चालू होत्या. ज्या दवाखान्यात ती जायची तिथे दर वेळी तोच संवाद व्हायचा: "गोळ्या घेता का नियमित?" "घेते." "मग आकडा का वाढत नाही? खरं सांगा, फेकून देता ना?" घरातही हळूहळू तेच बोललं जाऊ लागलं. बायका गोळ्या खातच नाहीत, पदराला बांधून ठेवतात, खिडकीतून टाकतात. आपा रोज सकाळी न चुकता गोळी घ्यायची, भरल्या कपातल्या चहाच्या घोटाबरोबर. घोट घेता घेता तिला खोटारडं ठरवलं जात होतं, आणि मुलगी हे बघत होती.

हा फक्त आपाचा प्रश्न नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये तर ५९ टक्के. अॅनिमिया मुक्त भारत योजनेत शाळांमधून आठवड्याला जी निळी गोळी देतात ती याचसाठी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. भाचीच्या दप्तरातही ही गोळी असायची. म्हणजे प्रश्न आईचा होता तसा तिचाही होता.

प्रश्न ठरला: चहा आणि लोह एकत्र आले की काय होतं?

खरं तर याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघराला कधीचं माहीत आहे. लोखंडी विळीवर आवळा चिरला की आवळाही काळा पडतो आणि पातंही. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी संयोग पावतं. हिरडा किंवा माजूफळ आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई करत. पश्चिम आशियात आणि युरोपात शतकानुशतकं कितीतरी हस्तलिखितं अशा शाईने लिहिली गेली. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. लोहाच्या पुष्कळ गोळ्यांत हेच असतं, औषधासाठी शुद्ध केलेलं. आणि चहात टॅनिन असतंच. तेव्हा चहाबरोबर लोहाची गोळी घेणं म्हणजे पोटात थोडी शाई घोटणं. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवलं होतं की चहामुळे लोहाच्या क्षारांमधलंच नव्हे, तर पाव आणि भात अशा जेवणातलंही लोह कमी शोषलं जातं.

प्रयोग आखण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर आम्ही एक नियम लिहिला: या प्रकल्पासाठी एकाही माणसाला गोळी द्यायची नाही, कुणाची गोळी थांबवायची नाही, वेळ बदलायला सांगायची नाही. माणसांवर प्रयोग करण्याचा अधिकार शाळकरी मुलीला नाही आणि तिच्या खालालाही नाही. दुसरा नियम सुरक्षेचा. शाळेतल्या निळ्या गोळ्या खाण्यासाठी आहेत, त्या प्रयोगात वापरायच्या नाहीत. मेडिकलमधून फेरस सल्फेटच्या गोळ्या मोठ्या माणसाने आणायच्या, मोजून ठेवायच्या आणि उरलेल्या कुलपात. लहान मुलाने लोहाच्या गोळ्या गोड समजून खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं, आणि भाचीचा धाकटा भाऊ चार वर्षांचा आहे.

मग ग्लास मांडले. चार द्रव: साधं पाणी, कोरा चहा, दुधाचा चहा आणि लिंबू-पाणी. प्रत्येकाचे दोन प्रकार, लोह घातलेला आणि न घातलेला. प्रत्येक प्रकार तीनदा. एकूण चोवीस ग्लास. तिच्या अब्बांनी विचारलं, "एवढे कशाला? एका ग्लासात चहा, त्यात गोळी, झालं काळं, काढा फोटो." भाचीने उत्तर दिलं ते मला आवडलं: "अब्बू, एकदा झालं तर योगायोगही असू शकतो."

गोळ्यांचं रंगीत आवरण धुऊन, त्या खलून, कोमट पाण्यात विरघळवून आणि गाळून एकच द्रावण केलं, म्हणजे प्रत्येक ग्लासात लोह सारखंच जाईल. चहा एकाच पातेल्यातला, पूर्ण गार केलेला. आता काळेपणा मोजायचा कसा? "जास्त काळा", "थोडा काळा" हे शब्द मोजमाप नव्हेत. उपाय साधा निघाला. कागदावर पेनाने फुली काढायची, तिच्यावर पारदर्शक ग्लास ठेवायचा आणि वरून बघत द्रव हळूहळू ओतायचा. फुली दिसेनाशी झाली की थांबायचं आणि द्रवाची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची. जितकी उंची कमी तितका द्रव गडद. ग्लासांना फक्त क्रमांक. कोणत्यात काय आहे ते भाचीला माहीत, पण फुलीकडे बघणाऱ्या तिच्या मैत्रिणीला नाही. आपल्याला जे दिसावंसं वाटतं तेच डोळे दाखवतात, म्हणून ही काळजी.

पहिल्या दिवशी आकडे विचित्र आले. एकाच प्रकारच्या तीन ग्लासांत बरंच अंतर. दोघींनी डोकं खाजवलं आणि शेवटी कारण सापडलं: पहिला ग्लास मोजेपर्यंत शेवटचा बराच वेळ उघडा राहत होता, आणि हवेत राहिल्यावर लोह आणि टॅनिनचा रंग आणखी गडद होतो. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ग्लास मिसळल्यानंतर बरोबर दहा मिनिटांनी मोजला. वेळ हाही एक घटक असतो हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्या वाया गेलेल्या दुपारने जास्त चांगलं शिकवलं.

दुसरी अडचण दुधाच्या चहाची. दूध मुळातच अपारदर्शक, त्यात फुली लगेच गायब होते, लोह असो वा नसो. आणि आपल्याकडे घरोघरी पितात तो हाच चहा. तो वगळला तर प्रकल्प आपल्या लोकांचा राहत नाही. म्हणून त्याच्यापुरती पद्धत बदलली. लोह घातलेला आणि न घातलेला असे दोन ग्लास शेजारी ठेवून, न सांगता, घरच्यांना विचारायचं: वेगळा कोणता? लोह घातलेल्या चहाला राखाडी छटा येते, ती सगळ्यांनी ओळखली. पण ही पद्धत कमी काटेकोर आहे, हेही भाचीने अहवालात लिहिलं.

सगळ्यात उपयोगी ठरला तो शेवटचा भाग. काळ्या झालेल्या कोऱ्या चहात लिंबू पिळलं तर रंग फिका झाला. भाची ओरडलीच, "म्हणजे लिंबू घातलं की चहा चालतो!" मी म्हटलं, आता त्यात खायचा सोडा टाक. सोडा टाकताच रंग पुन्हा गडद होऊ लागला. मग बोलणं झालं ते पोटाबद्दल. जठर आम्ल असतं, पण लोह मुख्यतः शोषलं जातं ते पुढच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि तिथे आम्लता कमी झालेली असते. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं हे खरं, पण ते आमच्या ग्लासने सिद्ध केलेलं नाही. ग्लास म्हणजे पोट नव्हे. ग्लासात आम्हाला एवढंच कळलं की चहातलं काहीतरी लोहाला धरून ठेवतं आणि हे धरणं आम्लतेनुसार बदलतं. यापुढचं शोषणाचं उत्तर माणसांवर झालेल्या अभ्यासांतूनच मिळू शकतं.

प्रकल्पाचा दुसरा भाग होता मोहल्ल्यातल्या घरांची पाहणी. पहिल्या प्रश्नावलीत भाचीने लिहिलं होतं, "तुम्ही कोणती औषधं घेता?" तो प्रश्न मी काढायला लावला. औषधाचं नाव सांगणं म्हणजे आजार सांगणं, आणि टीबी असो की मनाचा आजार, तो शेजारच्या मुलीच्या वहीत का जावा? "तुम्ही गोळी चहाबरोबर घेता का?" हाही प्रश्न बदलला, कारण असं विचारलं की समोरच्याला कळतं की चहा वाईट आहे, आणि तो "नाही" म्हणतो. त्याऐवजी विचारायचं: लोहाची गोळी घेण्याच्या एक तास आधी आणि एक तास नंतर तुम्ही काय खाता-पिता? नाव लिहायचं नाही, आधी परवानगी घ्यायची, आणि उत्तर त्या बाईनेच द्यायचं, दारात उभ्या नवऱ्याने नव्हे.

या प्रश्नामुळे असं काही हाती आलं जे आम्हा दोघींच्याही डोक्यात नव्हतं. अनेक बायकांनी सांगितलं की रिकाम्या पोटी गोळीने मळमळतं, म्हणून त्या चहा-बिस्किटाबरोबर घेतात. म्हणजे चहा हे अज्ञान नव्हतं, उपाय होता. त्यांना "चहा सोडा" सांगून काही होणार नव्हतं. मळमळ होत असेल तर जेवणानंतर गोळी घ्यावी आणि चहा त्यापासून कमीत कमी तासभर लांब ठेवावा, हे सांगितलं तर पटण्यासारखं होतं.

आपाने ही वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती वाचली, गोळीची वेळ रात्रीच्या जेवणानंतर केली आणि आणखी तपासण्याही करायला सांगितल्या. काही महिन्यांनी हिमोग्लोबिनचा आकडा वर आला. भाची रिपोर्ट नाचवत माझ्याकडे आली. "खाला, प्रकल्प सिद्ध झाला!"

मी विचारलं, "या दिवसांत अजून काय बदललं?"

ती थांबली. डॉक्टरांनी जंताचं औषधही दिलं होतं. आपा भाकरीबरोबर लिंबू आणि भाजी नेमाने घेऊ लागली होती. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यावर श्रेय एकीला कसं देणार? आणि एक माणूस म्हणजे पुरावा नाही, मग ती आपली अम्मी का असेना. भाचीचा चेहरा पडला, पण तिने तो आकडा अहवालात घातला नाही. या सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. आईवरचा खोटेपणाचा आळ पुसायला तिच्या हातात तयार शस्त्र होतं, आणि तिने ते खाली ठेवलं. आळ तसाही पुसला गेला होता. "गोळी खाऊनही आकडा न वाढण्याची कारणं असू शकतात" एवढं वाक्य घराला कळणं पुरेसं होतं.

हे सगळं रमजानच्या तोंडावर चाललं होतं, म्हणून आणखी एक गोष्ट ठळक झाली. रोज्याच्या महिन्यात खाणं-पिणं आणि औषध सगळं इफ्तार ते सहरी एवढ्या पट्ट्यात येतं. खजूर, शरबत, जेवण, चहा आणि गोळ्या एकाच दस्तरखानावर. दिवसातून तीनदा घ्यायची औषधं कशी घ्यायची, थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी कधी घ्यायची, हे रमजान लागण्याआधीच डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आहेत. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलिन यांच्या बाबतीत तर स्वतःच्या मनाने काही करणं धोक्याचं आहे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहेच. नवरात्राच्या उपवासात चहावर दिवस काढणाऱ्या माझ्या सहकारी बाईंनाही हेच लागू पडतं, आणि ते त्यांनी हसत मान्य केलं.

प्रदर्शनात भाचीच्या तक्त्यावर "टाळा" हा शब्द कुठेच नव्हता. खाली मोठ्या अक्षरांत तीनच वाक्यं होती: तुमचं औषध बंद करू नका. ते कशाबरोबर आणि किती वाजता घेता हे आठवडाभर लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्या फार्मासिस्टला दाखवा.

परीक्षकांनी विचारलं, "यात नवीन काय शोधलंस?" ती म्हणाली, "नवीन नाही सर. चहा आणि लोहाचं शास्त्रज्ञांना आधीच माहीत होतं. ते आमच्या गल्लीत माहीत नव्हतं." तिला बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं, पहिला नंबर पवनचक्कीचा आला. पण ज्यांनी फोटो काढून नेला त्यांच्या घरी निदान कुणाची गोळी बंद झाली नसेल. बदललीच असेल तर कुणाच्या तरी चहाची वेळ.